पाण्याच्या ओट्यावरचा दगड

माझ्यावर सर्वांत मोठं ऋण कुणाचं आहे, हे मला विचार न करता सांगता येतं. माझ्या वडिलांचं. त्यांचं नाव मी इथे लिहिणार नाही. ते एकदा दगडावर कोरलं गेलं आहे, तेवढं पुरे.

वडील सालदार होते. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर दुसऱ्याच्या घरी राबणारा गडी. केळझरपासून दोन-अडीच कोसांवर आमचं गाव. तिथल्या पाटलांकडे त्यांनी उभा जन्म काढला. वावरातली कामं, बैलांचं चारापाणी, आणि पाटील कुठे बाहेर निघाले की त्यांची दमणी हाकणं. दमणी म्हणजे छपराची हलकी बैलगाडी. वडिलांना अक्षर वाचता येत नव्हतं. आमच्या घरात मॅट्रिक झालेला मी पहिला आणि कॉलेजची पायरी चढलेलाही मीच पहिला.

मॅट्रिकचा निकाल लागला त्याच उन्हाळ्यात मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, वारले. त्यांना मूलबाळ नव्हतं. लहानपणी त्यांनी मला मांडीवर घेतलं होतं आणि जाताना सांगून गेले होते की अग्नी या पोरानंच द्यायचा. अग्नी देणाऱ्याने डोकं भादरायचं असतं. पण आमच्याकडे बाप जिवंत असताना मुलाच्या डोक्यावरून वस्तरा फिरत नाही. तसं करणं म्हणजे बापाचं मरण ओढवून घेणं. भावकीतले लोक नको म्हणाले. वडिलांनी स्वतः माझा खांदा धरून मला न्हाव्यापुढे बसवलं.

"भाऊ बोलून गेला," ते म्हणाले. "पन एक डाव. फकत हा एक डाव."

पंधरा-वीस दिवसांनी मी वर्ध्याला कॉलेजात नाव घालायला गेलो, तेव्हा डोक्यावर जेमतेम खुंट आले होते. टोपी होती, पण अर्ज भरायच्या खोलीत उकडत होतं म्हणून मी ती काढून हातात धरली. टेबलामागे इतिहासाचे सर बसले होते. मुलांच्या राहण्या-जेवण्याचं सगळं काम त्यांच्याकडे होतं. त्यांनी माझ्या डोक्याकडे पाहिलं, चष्मा काढून पुसला आणि काही न विचारता माझा अर्ज स्वतःकडे ओढून स्वतःच्या हाताने भरला. मला म्हणाले, "काळजी करू नकोस. आजपासून आम्ही आहोत." तीन दिवसांनी कळलं की माझी फी माफ झाली आहे, राहायची जागा फुकट आणि खानावळीत दोन्ही वेळचं जेवणही फुकट. एवढं सगळं कसं झालं हे मला कळलं नाही. मी सरांच्या पाया पडलो. अर्जावर काय लिहिलं होतं ते मी बऱ्याच दिवसांनी वाचलं. 'वडील: हयात नाहीत.'

सरांबद्दल मी वाईट लिहू शकत नाही आणि लिहायची इच्छाही नाही. त्या वेळी कॉलेजला वसतिगृहच नव्हतं. आम्ही चाळीसेक मुलं बंद पडलेल्या एका जिनिंगच्या गोदामात राहत होतो. भिंतीत वर्षानुवर्षांचा कापसाचा कचरा बसलेला; झोपेत तो नाकात जायचा. पहिल्याच पावसाळ्यात आर्वीकडचा एक मुलगा तापाने फणफणला. सरांनी त्याला पाठीवर घेऊन दवाखाना गाठला. तो मुलगा परत आला नाही. त्याच्या बापाने त्याची पेटी न्यायला बैलगाडी आणली, तेव्हा सर गोदामाच्या दारात उभे राहून लहान पोरासारखे रडले. त्या दिवसापासून त्यांच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. दगडविटांचं वसतिगृह हवं. त्यासाठी ते अनवाणी गावोगाव फिरायला लागले. कुणी अख्खी खोली द्यावी, कुणी खिडकी, कुणी खांब, कुणी नुसती पायरी. जो जे देईल त्याच्या नावाचा दगड तिथे बसेल.

पहिल्या फेरीला त्यांनी मला सोबत घेतलं. एका तालुक्याच्या गावी अडत्यांची सभा होती. मला वाटलं, सतरंज्या घालायला आणि पावत्या फाडायला नेलं असेल. सरांनी मला आपल्या शेजारी उभं केलं. बोलता बोलता त्यांनी मला एक पाऊल पुढे घेतलं. "हा पाहा," ते म्हणाले, "ह्याच्या डोक्यावरचं छत्र गेलं," आणि त्यांनी माझ्या डोक्यावरची टोपी उचलली.

समोर बसलेल्या लोकांच्या तोंडून एकदम हळहळ बाहेर पडली. एका म्हाताऱ्या अडत्याने डोळे पुसले. त्या सभेत तीन खोल्या मिळाल्या.

परतताना मोटारीत मी कशीबशी हिंमत केली. म्हटलं, "सर, माझे वडील आहेत."

"आहेत म्हणजे?"

"जिवंत आहेत. माझे मोठे बाबा वारले होते."

सेलू येईपर्यंत सर खिडकीतून बाहेर पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, "हे तू मला अर्जाच्या दिवशी सांगायला हवं होतंस."

"तुम्ही विचारलं नाही, सर."

"आता पावत्या फाटल्या आहेत." ते माझ्याकडे वळले. त्यांचा चेहरा कठोर नव्हता; दमलेला होता. "तुझे वडील जिवंत झाले तर त्या तीन खोल्या जातील. तुझी फी, तुझं जेवण, जागा, तेही जाईल. ते अनाथांच्या निधीतून आहे. उद्या सकाळी जाऊन सगळं खरं सांगायला मी तयार आहे. तू सांग."

मला सालदाराची वर्षाची मजुरी माहीत होती. गोदामात माझ्या शेजारची जागा रिकामी झालेली होती, तेही माहीत होतं. मी म्हटलं, "राहू द्या, सर."

त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मी त्या क्षणी खरोखर आनंदलो होतो, हे लपवत नाही.

दुसऱ्या फेरीची वेळ आली तेव्हा माझे केस बोटभर वाढले होते. सर काही म्हणाले नाहीत. माझ्या डोक्याकडे पाहिलं आणि खिशातून चार आणे काढून हातावर ठेवले. मी स्टेशनाजवळच्या न्हाव्याकडे गेलो. तो बाभळीखाली पाट मांडून बसायचा.

"गोटा?" तो दचकला. "कोन गेलं हो?"

"वडील."

त्याने वस्तरा हलक्या हाताने चालवला आणि पैसे घ्यायला नाही म्हणाला. मी ते चार आणे सरांना परत दिले. तिसऱ्या फेरीआधी पुन्हा त्याच्याकडेच गेलो. दुसऱ्याकडे जायचं सुचलं नाही. त्याने मला ओळखलं.

"आता कोन गेलं?"

मी पाटावर बसलो. म्हटलं, "आई."

चौथ्या फेरीआधी गेलो तेव्हा त्याने हात थांबवून मला खालून वर न्याहाळलं. "तुमच्या घरी कोनी उरलं का बाप्पा? का आज तुमीच?" आणि शेजारच्या न्हाव्याकडून दाढी करून घेणारा गिऱ्हाईक इतका हसला की त्याच्या गालाला वस्तरा लागला. त्या खेपेला न्हाव्याने पैसे घेतले, आठ आणे. म्हणाला, "रोजच्या गिऱ्हाइकाले फुकट कसं परवडंल?"

ही चौथी फेरी केळझरची होती.

केळझरच्या गणपतीला चतुर्थीला आसपासच्या गावचे पाटील, मोठे कास्तकार, सगळे येतात. सरांनी तोच दिवस धरला आणि टेकडीच्या पायथ्याशी मंडप घातला. मी त्यांना विनवलं की केळझरला मला नेऊ नका, माझं गाव तिथून जवळ आहे, आमचे पाटील येतील.

"पाटील तुला ओळखतात?"

"लहानपणी पाहिलंय. आता ओळखतील की नाही, सांगता येत नाही."

"आणि वडील?"

"ते कामावर असतील."

"मग झालं. सालदाराला चतुर्थीची सुटी कोण देतं?" सर म्हणाले. "जोत्यापर्यंत काम आलंय. आता थांबलं तर पावसाळ्यात सगळं वाहून जाईल. ही शेवटची मोठी सभा."

सरांचं म्हणणं खरं होतं. सुटी कुणी दिली नव्हती. पाटलांना दमणीतून घेऊन वडील कामावरच आले होते.

मंडपात मी सरांशेजारी उभा होतो. पुढच्या गादीवर आमचे पाटील लोडाला टेकून बसले होते. पान चघळता चघळता त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, मग पुन्हा पाहिलं, आणि त्यांच्या तोंडाची हालचाल थांबली. मी नजर वर उचलली. मंडपाच्या मागे, जिथे गाडीवान उभे होते, तिथे एका बैलाच्या वशिंडावर हात टेकून वडील उभे होते. ते माझ्याकडे पाहून हसत होते. आपला पोरगा एवढ्या मोठ्या लोकांत उभा आहे, हे ते शेजारच्या गाडीवानाला हाताने दाखवत होते.

मी सरांना खुणावायला गेलो, पण ते बोलण्याच्या भरात होते. "ह्याच्या डोक्यावरचं छत्र गेलं," ते म्हणाले आणि टोपी उचलली.

वडिलांचं हसू गेलं. त्यांनी बैलाच्या अंगावरचा हात काढून स्वतःच्या छातीवर ठेवला.

लोक हळहळले. मग पाटलांचा आवाज आला.

"मास्तर, ह्याचा बाप कवा मेला म्हनता?"

"दोन वर्षं होत आली," सर म्हणाले.

"मंग माह्या ढोरायले पानी कोन पाजून राह्यलं? त्याचं भूत?"

माणसं एकमेकांकडे पाहू लागली. पाटलांनी मान वळवून हाक मारली. वडील गर्दीतून वाट काढत पुढे आले. हातात बैल हाकायची तुतारी, म्हणजे टोकाला आर लावलेली काठी, तशीच होती. ती कुठे ठेवावी हे त्यांना कळत नव्हतं.

"पाय बरं," पाटील म्हणाले, "हे कोनाचं पोट्टं हाये?"

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या चेहऱ्याकडे नाही, डोक्याकडे. ताजा वस्तरा फिरलेला होता, एका जागी खरचटून रक्त सुकलं होतं. तिथे त्यांची नजर थांबली. मग त्यांनी सरांकडे पाहिलं, सरांच्या हातातल्या टोपीकडे, पुढ्यातल्या पावतीपुस्तकाकडे. त्यांना अक्षर येत नव्हतं, पण त्यांना सगळं समजलं. ते मला दिसलं.

"वळखत नाई, मालक."

"नीट पाय ना बे. सोताचं पोट्टं वळखत नाई?"

"माह्या पोराले केस हायेत, मालक. माहा पोरगा काऊन डोकं भादरंल? मी जित्ता हावो." ते थांबले. "हे दुसऱ्याचं लेकरू होय."

मंडपात हशा पिकला. पाटील मात्र हसले नाहीत. त्यांना खेळ सोडायचा नव्हता. ते माझ्याकडे वळले.

"तू सांग रे. हा तुहा बाप हाये का नाई?"

सरांची बोटं माझ्या टोपीवर आवळली गेली होती. त्यांनी मला काहीही सांगितलं नाही, हेही नोंदवलं पाहिजे. माझ्यासमोर वडील उभे होते, हाताच्या अंतरावर. त्यांनी अगदी थोडी मान हलवली. नाही म्हण, असं.

"माझे वडील वारले," मी म्हणालो.

शुद्ध पुस्तकी भाषेत म्हणालो. कॉलेजात जाऊन माझी भाषा सुधारली होती. मागून कुणी तरी म्हणालं, "पाय कसा सुद्द बोलते!"

"आयकलं का रे?" पाटील वडिलांना म्हणाले. "तू वारला. कॉलेजात शिकलेला मानूस सांगून राह्यला, खोटं थोडीच बोलन! घरी गेला की बायकोचं कुकू पुसून टाकजो. रांडमुंडीले काय करायचं कुकू?"

सगळे हसले. गाडीवान हसले, पाटील हसले, पावत्या फाडणारा कारकून हसला. वडीलही हसले. खोटं नाही, चांगलं तोंड भरून हसले, जसा मालकाच्या थट्टेला गडी हसतो.

मग पाटलांना खरी गंमत सुचली. "मास्तर, माह्याकडून एक पावती फाडा. ह्या पोट्ट्याच्या मेल्या बापाच्या नावानं. काय सस्तं हाये तुमच्याकडं?"

"पाण्याचे रांजण ठेवायचा ओटा आहे," सर म्हणाले. त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही.

"द्या तोच. नाव नीट टाकजा. आंधी कैलासवासी." त्यांनी वडिलांचं आणि आजोबांचं नाव सावकाश, एकेक अक्षर तोडून सांगितलं आणि कारकुनाने लिहून घेतलं. वडील शेजारी उभे राहून स्वतःचं नाव ऐकत होते. शेवटी पाटील म्हणाले, "आता पानी पाज त्याले. बोलून बोलून गळा सुकला बिचाऱ्या अनाथाचा."

वडिलांनी दमणीतून लोटा आणला. मी ओंजळ धरली, त्यांनी वरून पाणी ओतलं. वाकताना त्यांचं तोंड माझ्या कानाजवळ आलं.

"डोक्याले तेल लावत जाय," ते म्हणाले. "ऊन लागते."

एवढंच. मग ते आपल्या बैलांकडे गेले.

परतीच्या मोटारीत सर म्हणाले, "आजच्याइतके पैसे कधीच जमले नव्हते." थोड्या वेळाने त्यांनी माझी टोपी परत दिली, ती अजून त्यांच्याच हातात होती. पुढे आम्ही त्या दिवसाबद्दल कधी बोललो नाही. आणि मी फेऱ्यांना जायचं थांबवलं, असं कुणाला वाटत असेल तर तेही खरं नाही. इमारतीवर छप्पर चढेपर्यंत मी आणखी दोनदा डोकं भादरलं. फक्त न्हावी बदलला.

दिवाळीला घरी गेलो तेव्हा केस चांगले वाढलेले होते. गावात शिरताच कळलं की वडिलांचं नाव बदललं आहे. पाटलांच्या ओसरीवरून हाक येत होती, "कैलासवासी, बैल सोड!" आणि वडील "जी मालक" म्हणत होते. लहान पोरंही तीच हाक मारत होती. त्यांना तिचा अर्थही ठाऊक नव्हता.

माय चुलीपाशी होती. तिने कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावलं होतं. आधी ती टिकलीएवढं लावायची. तिने माझ्या केसांतून हात फिरवला. मला वाटलं, माया करते आहे. ती लांबी पाहत होती.

"किती डाव?" तिने विचारलं.

मी पाट ओढून बसलो.

"तुहा बाप जित्ता असताना किती डाव वस्तरा फिरोला तू?"

"मोठ्या बाबांचा सोडून पाच."

तिने हात काढून घेतला आणि पदराला पुसला. भाकर वाढली. वाढताना म्हणाली, "जेव. इथलं पानी पेत असशील तर पे. आमच्या नावाचं पानी तर तुमच्या कॉलेजातच भेटते म्हनते."

वडील आले तेव्हा तिने विषय काढला नाही. ते जेवताना इमारतीबद्दलच विचारत राहिले. खोल्या किती, कौलं घातली की पत्रे, गोदामातल्यासारखा कचरा आता नाकात जात नाही ना. आर्वीच्या मुलाची गोष्ट मी त्यांना कधी तरी सांगितली होती. ती त्यांच्या लक्षात होती. "चांगलं झालं," ते म्हणाले. "आता लेकरं मरनार नाईत." त्या घरात मी तीन दिवस राहिलो आणि मग पदवी मिळेपर्यंत गेलो नाही.

इमारत पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी पुरी झाली. उद्घाटनाचा दिवस ठरला. सरांनी आभाराचं भाषण माझ्याकडे दिलं. मी त्या वसतिगृहाचा पहिला 'विद्यार्थी प्रमुख' होतो. दारासमोरच पाण्याचा ओटा. त्याच्या कपाळावर काळ्या दगडात पांढरी अक्षरं. इतर देणगीदारांच्या दगडांवरच्या अक्षरांपेक्षा ती जास्त सुबक होती. पाटलांनी पाथरवटाला वेगळे पैसे दिले होते म्हणे. मी रोज तिथलंच पाणी प्यायचो. दुसरीकडे पाणी नव्हतं.

उद्घाटनाच्या आठ दिवस आधी गावच्या गुरुजींच्या हातचं एक कार्ड आलं. वडिलांनी सांगून लिहवलं होतं. पाटलांना निमंत्रण आलं आहे, दमणी मीच आणणार, इमारत आतून पाहायला मिळेल काय, आणि त्या ओट्यावरचं पाणी एकदा प्यावं अशी इच्छा आहे. दुसरं काही नाही.

मी त्याला उत्तर लिहिलं. कार्ड टाकलं असतं तर ते पाटलांच्या ओसरीवर वाचलं गेलं असतं, म्हणून पाकिटात घातलं आणि गुरुजींच्या नावे पाठवलं.

समारंभाच्या दिवशी ऊन फार होतं. मी भाषण केलं. छत्र हरपलेल्या मुलांना छप्पर मिळालं, असं एक वाक्य त्यात होतं. त्याला टाळ्या पडल्या. नंतर पाटील ओट्यापाशी उभे राहिले, दगडावरची अक्षरं मोठ्याने वाचली आणि फाटकाकडे तोंड करून ओरडले, "अरे ये ना! आपलं नाव पाहून जाय!"

फाटकाबाहेर लिंबाखाली दमणी सोडलेली होती. वडील बैलांचे कासरे हातात धरून उभे होते. "बैलं बुजतेत, मालक," ते तिथूनच म्हणाले. "सोडून येता येत नाई."

बैल उभ्या उभ्या रवंथ करत होते.

चहापान चाललं असताना मी व्हरांड्यातून पाहिलं. वडिलांनी कासरे शेजारच्या गाडीवानाच्या हातात दिले, लोटा घेतला आणि ते स्टेशनच्या दिशेने चालू लागले. अर्ध्या-पाऊण तासाने परत आले. त्यांनी एकदाही आत वळून पाहिलं नाही. मी फाटकापर्यंत गेलो नाही.

मी पदवीधर झालो, मास्तर झालो, पुढे हेडमास्तर झालो. वडील त्यानंतर एकोणीस वर्षं जगले. माझ्याकडे राहायला आले नाहीत. पाटलांच्या घरचं काम सुटत नाही म्हणायचे. पाटील वारले, तरी त्यांच्या मुलाकडे ते साल धरतच राहिले. त्यांनी मला कधी एका शब्दाने दुखवलं नाही, आणि मी त्यांची कधी माफी मागितली नाही. ते गेले तेव्हा मी न्हाव्यापुढे बसलो. गावातलाच न्हावी होता. त्याला सगळं ठाऊक होतं. त्याने विचारलं नाही.

तेराव्यानंतर मायने ट्रंकेतून एक पाकीट काढून दिलं. "गुरुजीकडून दोनदा वाचून घेतलं होतं त्यानं," ती म्हणाली. "मले आयकू नाई देल्लं. तूच वाच, तुलेच येते वाचता."

वसतिगृह अजून उभं आहे. तिथे राहून शेकडो मुलं शिकली. त्यांत माझ्यासारखी कितीतरी. दगडही तिथेच आहे. आता त्यावरचा मजकूर खरा झाला आहे. पाकिटातलं पत्र खाली जसंच्या तसं देतो.

तीर्थरूप बाबांचे चरणी बालकाचा शिरसाष्टांग नमस्कार.

आपले कार्ड पोचले. वाचून आनंद झाला. माझी प्रकृती उत्तम आहे. परीक्षा एका महिन्यावर आली आहे. आपल्या आशीर्वादाने पास होईन.

विशेष लिहिण्याचे कारण की, समारंभास मोठमोठी मंडळी येणार आहेत. मला त्यांच्यापुढे भाषण करावयाचे आहे. माझी फी व जेवण परीक्षा होईपर्यंत कॉलेजकडूनच आहे, हे आपणास माहीत आहे. तरी आपण आत येऊ नये. फाटकाबाहेर लिंबाची सावली आहे, तेथे दमणी सोडावी. पाटील हाक मारतील, तरी येऊ नये. काही तरी कारण सांगावे. बैल बुजतात असे सांगितले तरी चालेल. मी आपल्याकडे पाहिले नाही तर राग मानू नये.

ओट्यावरचे पाणी पिण्याविषयी आपण लिहिले आहे. ते आपण पिऊ नये. तेथे आपले नाव आहे व लोक पाहतील. तहान लागल्यास स्टेशनवर नळ आहे, तेथे प्यावे. फार लांब नाही.

इमारत छान झाली आहे. मी आपणांस तिचे वर्णन पुढे सवडीने लिहीन. मला जे काही मिळाले ते आपल्यामुळेच मिळाले, हे मी जन्मभर विसरणार नाही.

मायला नमस्कार सांगावा. डोक्याला तेल लावतो.

आपला आज्ञाधारक मुलगा